पंधरा दिवसांची मुदत

कायद्याने मला पंधरा दिवस दिले होते आणि ते मी दार लावून घरात बसून घालवले. चेक न वटल्याबद्दल माझ्यावर खटला झाला, जवळजवळ दीड वर्ष मी सोलापूरच्या न्यायालयात आरोपी म्हणून तारखांना उभा राहिलो आणि शेवटी कारखान्यातले चार माग विकून त्यातून बाहेर पडलो. या सगळ्यात अधिक लाज कशाची वाटते असे कोणी विचारले, तर मी रिकाम्या खात्याचे नाव घेणार नाही. खाते रिकामे होण्याला कारणे होती आणि ती मी कोणाही समोर सांगू शकतो. लावलेल्या दाराचे कारण मात्र आजही मला कोणाला सांगता येत नाही, आणि म्हणूनच ते लिहून काढावे असे वाटले.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. वडिलांनी आठ मागांवर सुरू केलेला हा धंदा २०१७ साली बारा मागांवर पोहोचला होता. ज्यांनी हा धंदा जवळून पाहिलेला नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी, ती अशी की आमच्याकडे रोख पैसा फार थोडा वेळ दिसतो. सूत उधारीवर येते, टॉवेल उधारीवर जातात, आणि मधल्या काळात कामगारांचा आठवड्याचा पगार, वीजबिल आणि बँकेचे व्याज तेवढे रोखीत भागवावे लागते. सूतवाल्याला आम्ही पुढच्या तारखेचे चेक देतो, टॉवेल घेणारी पार्टी आम्हाला पुढच्या तारखेचे चेक देते, आणि या दोन तारखांच्या मध्ये जो श्वास उरतो त्यावर कारखाना चालतो. एका पार्टीचा चेक परत आला की त्याच्या मागच्या तीन जणांचे चेक डळमळू लागतात.

आमचे सूतवाले काका वडिलांच्या बरोबरीचे. साखर पेठेतल्या त्यांच्या गाळ्यात मी शाळेच्या वयापासून जात आलो आहे, आणि मी त्यांना शेठ कधी म्हटले नाही, काकाच म्हणत आलो. हुंडीच्या, म्हणजे पैसे देण्यासाठी व्यापारी एकमेकांना लिहीत त्या चिठ्ठीच्या, काळातल्या गोष्टी मी त्यांच्याकडूनच ऐकल्या. हुंडी सकारणे, हुंडी नाकारणे, हुंडी वटणे हे शब्द त्यांच्या तोंडी सहज येत. चेकसाठीही मराठीने तेच क्रियापद ठेवले आहे. चेक वटतो किंवा वटत नाही. हल्ली सगळेच ‘बाऊन्स झाला’ म्हणतात, पण काका ‘वटला नाही’ असेच म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकताना कागदापेक्षा माणसाबद्दल काही बोलले जात आहे असे मला वाटत असे. ज्या कायद्याखाली माझ्यावर खटला झाला तो परक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) १८८१ सालचा आहे आणि देशी भाषांतल्या हुंडीसारख्या कागदांबाबत स्थानिक रिवाजाला त्याने पहिल्याच कलमात जागा ठेवली आहे. चेक न वटणे हा गुन्हा मात्र त्यात पुष्कळ उशिरा आला. १९८८ च्या दुरुस्तीने कलम १३८ घातले गेले आणि ते १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. त्याआधी अशा पैशासाठी दिवाणी दावा लावावा लागे किंवा फसवणुकीचा हेतू सिद्ध करावा लागे, आणि हेतू सिद्ध करणे फार अवघड असते.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला. हैदराबादच्या ज्या पार्टीकडे आमचा निम्मा माल जायचा, तिने बिले, नोंदणी आणि परतावा यांची कारणे सांगत पैसे थांबवले. मी काकांना प्रत्येकी १,६०,००० रुपयांचे तीन चेक दिलेले होते. पहिला वटला. दुसऱ्यावर १ सप्टेंबर ही तारीख होती आणि आदल्याच दिवशी महिनाअखेरचे व्याज बँकेने सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याच्या कर्जाच्या) खात्यातून वळते करून घेतले. चौदा हजार रुपये कमी पडले. कमी चौदा हजार पडोत की पूर्ण १,६०,०००, बँक उरलेले देऊन चेक अर्धा वटवत नाही, तो संपूर्ण परत जातो आणि सोबत ‘शिल्लक अपुरी’ असा मेमो जातो. काकांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. ‘परत टाकू का?’ एवढेच त्यांनी विचारले. चेकच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो पुन्हा बँकेत टाकता येतो. पूर्वी ही मुदत सहा महिने होती, रिझर्व्ह बँकेने ती १ एप्रिल २०१२ पासून तीन महिन्यांवर आणली. मी म्हणालो, ‘दिवाळीनंतर टाका काका, तिसऱ्याबरोबर टाका.’

त्या वर्षी १९ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते. त्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या हाती जे पैसे आले ते मी बोनसला दिले. आमच्याकडच्या कामगारांची घरे पूर्व भागात आहेत. बहुतेक घरांत तेलुगू बोलली जाते, अनेक घरांत बाई विड्या वळते आणि माणूस मागावर असतो, आणि दिवाळीच्या बोनसवर वर्षाची उधारी फिटते. त्यांचे पैसे थांबवून काकांचा चेक वटवायला हवा होता असे मला आजही वाटत नाही. पण कायद्याला या निवडीशी काही कर्तव्य नाही. चेक लिहिताना तो वटणार नाही अशी शंका घ्यायला आपल्याला कारण नव्हते, हा बचाव चालणार नाही, असे कलम १४० स्पष्टच सांगते. हेतू चांगला होता हे सांगायला न्यायालयात जागा असते ती शिक्षेच्या वेळी, गुन्हा ठरवताना नव्हे. सुरुवातीला मला हे क्रूर वाटले होते. पुढे काकांच्या जागी बसून पाहिल्यावर तसे वाटेनासे झाले, कारण त्यांनाही गिरणीचे पैसे द्यायचे होते आणि गिरणीने त्यांना माझ्या कामगारांच्या दिवाळीबद्दल विचारले नसते.

दिवाळीनंतर दोन्ही चेक एकदम टाकले गेले आणि दोन्ही परत आले. त्यानंतर काकांचे दोन फोन आले, ते मी उचलले नाहीत. काय सांगणार होतो? हैदराबादहून पैसे येतील असे मी त्यांना तीन वेळा सांगून चुकलो होतो, आणि चौथ्यांदा तेच सांगायला जीभ उचलत नव्हती. त्यांचा मुलगा एकदा कारखान्यावर येऊन गेला. मी मागच्या बाजूला, बॉबिनच्या खोलीत उभा होतो. कामगाराने ‘मालक बाहेर गेलेत’ असे सांगितले, आणि तो त्याच्याच मनाने तसे म्हणाला, मी त्याला शिकवले नव्हते. मालक लपतो आहे हे त्याला कळले होते.

नोव्हेंबरच्या मध्यावर रजिस्टर पोच टपाल आले. त्यात काय असणार हे मला माहीत होते. मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत चेक धारकाने लेखी नोटीस पाठवून पैसे मागायचे, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत देणाऱ्याने पैसे द्यायचे, आणि त्याने ते दिले तर गुन्हाच पुरा होत नाही. या कायद्याचा सगळा सांगाडा या दोन मुदतींवर उभा आहे. चेक परत गेला त्या क्षणी मी गुन्हेगार झालो नव्हतो. कायद्याने मला अजून एक वाट ठेवली होती, आणि ती वाट त्या लिफाफ्यात होती. पण नोटीस हातात घेतलीच नाही तर दिवस मोजायला सुरुवात होत नाही, असे मला बाजारातल्या कोणीतरी सांगितले होते. मी आईला म्हणालो, ‘पोस्टमन आला तर मी बाहेरगावी गेलोय म्हणून सांग.’

आईने तसे सांगितले. मी आतल्या खोलीत होतो आणि तिचा आवाज मला ऐकू आला. ती जे बोलली त्यात दोनच शब्द खोटे होते, पण ते बोलताना ती अडखळली. तिने उंबऱ्यावर उभे राहून, ओळखीच्या पोस्टमनला, ज्याला ती दर दिवाळीला फराळ द्यायची, माझ्यासाठी खोटे सांगितले. नंतर तिने मला काही विचारले नाही. संध्याकाळी दिवा लावताना तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडले एवढेच मी पाहिले. पोस्टमन दुसऱ्या दिवशीही आला, मग चिठ्ठी टाकून गेला की टपाल कार्यालयातून घेऊन जावे. ती चिठ्ठी मी खिशात घेऊन आठवडाभर फिरलो. आठवड्यानंतर लिफाफा काकांच्या वकिलांकडे परत गेला.

बाजारातला सल्ला चुकीचा होता हे मला पुढे वकिलांनी सांगितले. योग्य पत्त्यावर रजिस्टर टपालाने पाठवलेली नोटीस घेणाऱ्याने टाळली तर ती बजावली गेली असेच धरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तर असेही सांगितले आहे की नोटीस मिळालीच नाही असे ज्याचे म्हणणे आहे, त्याने न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावेत आणि तक्रार रद्द करण्याची विनंती करावी. जो तेवढेही करत नाही त्याला नोटिशीबद्दल तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही. म्हणजे मला एकदा नव्हे, दोनदा पंधरा दिवस मिळाले होते. २०१८ च्या उन्हाळ्यात समन्स आले तेव्हा हे मला माहीत नव्हते, आणि माहीत असते तर मी तेव्हा वागलो असतो का, याची मला आज खात्री देता येत नाही.

असे सल्ले देणारी माणसे प्रत्येक पेठेत असतात. एकाने सांगितले होते की बँकेला ‘स्टॉप पेमेंट’, म्हणजे या चेकचे पैसे देऊ नका असे, कळव, म्हणजे शिल्लक नव्हती असे दिसणारच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच ती पळवाट बंद केलेली आहे, आणि खाते बंद करण्याची पळवाट त्याच्या पुढच्या वर्षी. दुसऱ्याने सांगितले की चेकबुक हरवल्याची तक्रार पोलिसांत दे. ते मी केले नाही याचे समाधान आहे. तसे केले असते तर काकांवर चोरीचा आळ आला असता. कोऱ्या चेकवर सही करून तो ‘सिक्युरिटी’ म्हणून देणाऱ्यांबद्दलही सांगायला हवे, कारण भिशीत आणि खाजगी कर्जात हे आमच्याकडे सर्रास चालते आणि ‘रक्कम मी लिहिलेलीच नाही’ असे म्हणून सुटता येईल असा समज पक्का आहे. सही आपली असेल आणि चेक आपण होऊन दिलेला असेल, तर बाकीचा मजकूर दुसऱ्याने भरला तरी तो देण्यापोटीच दिला होता असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नव्हते हे दाखवण्याचे ओझे सही करणाऱ्यावर येते. फौजदारी खटल्यात आरोपीला काही सिद्ध करावे लागत नाही अशी आपली समजूत असते. इथे कलम १३९ मुळे पारडे आधीच झुकलेले असते.

फिर्यादीत माझ्याबरोबर धाकट्या भावाचेही नाव होते. वडील गेल्यावर आम्ही फर्मच्या भागीदारीत त्याचे नाव घातले होते. तो शाळेत शिक्षक आहे आणि कारखान्याचा हिशेब त्याने कधी पाहिलेला नाही. चेकवर सही माझी एकट्याची होती. पण चेक फर्मचा असला की धंद्याचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाला कलम १४१ खाली ओढता येते, आणि आपण कारभार पाहत नव्हतो हे सांगण्यासाठी सुद्धा आधी न्यायालयात हजर व्हावे लागते. पहिल्या तारखेला आम्ही दोघे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. त्याने शाळेतून रजा काढली होती आणि रजेच्या अर्जावर कारण ‘घरगुती काम’ असे लिहिले होते. पट्टेवाल्याने आमची नावे पुकारली, आडनावासकट, मोठ्याने, आणि शेजारच्या बाकावरून एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मान वळवून भावाकडे पाहिले. जामीनदार म्हणून आमचे शेजारी आले होते, त्यांनी सात-बाराचा उतारा आणला होता. हा गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे कोणी आम्हाला आत टाकणार नव्हते, पण भावाने जामीनपत्रावर सही केली तेव्हा त्याचे अक्षर फळ्यावरच्या अक्षरासारखे सरळ आले नाही.

कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. वकिलांनी हे सांगितले तेव्हा मला कैदेपेक्षा दुपटीचा आकडा अधिक जड वाटला, ६,४०,००० रुपये. नंतरची अनेक महिन्यांची कथा तारखांची आहे आणि ती सांगण्यासारखी नाही. साहेब रजेवर, फिर्यादी गैरहजर, उलटतपासासाठी मुदत, आणि संध्याकाळी पुढची तारीख वहीत लिहून घरी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या खटल्यांच्या तुंबण्याचा प्रश्न हाती घेतला तेव्हा देशातल्या २ कोटी ३१ लाख प्रलंबित फौजदारी खटल्यांपैकी सुमारे ३५ लाख खटले एकट्या चेकचे असल्याची नोंद त्या निकालात आहे. म्हणजे प्रत्येक सहा-सात खटल्यांत एक. त्या प्रत्येक खटल्यामागे एक तरी न उचललेला फोन असेल, असे मला त्या आकड्याकडे पाहताना वाटते.

एक तारीख मात्र सांगायला हवी. मी वसुलीसाठी हैदराबादला गेलो होतो, वकिलांना कळवायला विसरलो, आणि न्यायालयाने वॉरंट काढले. पोलीस शिपाई कारखान्यावर आला तेव्हा पाळी बदलण्याची वेळ होती. बाराही माग चालू होते, त्या आवाजात तो काय विचारतो आहे हे कोणाला ऐकू येत नव्हते, म्हणून एका कामगाराने माग थांबवला, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता सगळा कारखाना शांत झाला. त्या शांततेत त्याने माझे नाव विचारले. दुसऱ्या दिवशी हजर होऊन वॉरंट रद्द करून घेतले, पण तो दिवस कामगारांनी पाहिलेला होता.

हैदराबादचे पैसे कधीच आले नाहीत. तिथल्या पार्टीनेही मला चेक दिला होता आणि तोही परत आला होता. मी संबंध बिघडतील म्हणून नोटीस पाठवली नाही, आणि नोटिशीचे तीस दिवस निघून गेले. त्यामुळे ज्या कायद्याखाली काका माझ्याकडून पैसे मागत होते, त्याच कायद्याखाली माझे पैसे मागण्याचा हक्क मी माझ्या हाताने घालवला होता. माझ्यासाठी उरला तो दिवाणी दावा, आणि तो आजही चालू आहे. देताना काय आणि मागताना काय, माझी चूक एकच होती. दोन्ही वेळी मी बोलायला घाबरलो.

२०१९ च्या अखेरीस राष्ट्रीय लोकअदालतीत प्रकरण ठेवले गेले. चेकचा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो, त्यासाठी कलम १४७ आहे, आणि जितक्या लवकर मिटवाल तितके बरे, कारण उशीर करणाऱ्यावर खर्चाचा बोजा वाढवावा असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच ठरवून दिले होते. आता तर कायदा आणखी कडक झाला आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून, आरोपीने गुन्हा नाकारला तर निकालापूर्वीच चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला न्यायालय सांगू शकते. माझे चेक त्याआधीचे होते म्हणून मी त्यातून वाचलो.

त्या दिवशी काका स्वतः आले होते. मधल्या काळात ते खूप थकले होते. वकील बोलत होते, खर्चासह आकडा ३,६०,००० वर ठरत होता, चार हप्ते ठरत होते, आणि मी इतक्या दिवसांनी प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिले. ते म्हणाले, ‘दोन फोन केले होते मी. पोराला पाठवला होता. वकिलाकडे जायच्या आधी दोन-तीन आठवडे थांबलो. तू एकदा दुकानात येऊन म्हणाला असतास, काका, माझ्याकडे नाहीत, तर मी काय केलं असतं ते तुला माहीत आहे.’ मला माहीत होते. हप्त्यांचे चेक लिहायला मी चेकबुक काढले तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवले आणि ‘चेक नको, सरळ खात्यात जमा कर,’ असे म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यामुळेच ते अधिक लागले.

पहिला हप्ता चार माग विकून भरला. पुढचे तीन बाकीच्या आठांनी भरले. भाऊ भागीदारीतून बाहेर पडला, तसे मीच त्याला सांगितले.

तडजोडीचा कागद होत असताना कारकुनाने फाइल उघडली आणि त्यातला एक लिफाफा मला दिसला. माझ्याच नावाचा, माझ्याच पत्त्याचा, पोस्टाच्या शेऱ्यासह परत आलेला, पुरावा म्हणून क्रमांक टाकून जोडलेला. तो फोडलेला नव्हता. बंदच राहिला म्हणून तो पुरावा होता. आईने दारातून परत पाठवलेला तोच लिफाफा दोन वर्षे तसाच त्या फाइलमध्ये पडून होता.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच ओळीतला एक तरुण कारखानदार संध्याकाळी घरी आला. त्याच्या हातात पोस्टाची चिठ्ठी होती. ‘दादा, तुम्हाला यातलं कळतं म्हणतात. घेऊ की परत जाऊ देऊ?’ असे त्याने विचारले. त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते मी ओळखत होतो. मी त्याला चहा दिला, आईने त्याला पोहे दिले, आणि सकाळी दहाला आम्ही दोघे टपाल कार्यालयात गेलो. त्याने सही करून लिफाफा घेतला. तिथल्याच बाकावर बसून तो फोडला, नोटीस पूर्ण वाचली, रक्कम पाहिली, आणि लिफाफ्याच्या पाठीवर मी पेन्सिलीने त्या दिवसाची तारीख लिहून पुढे पंधरा मोजले. पंधरावा दिवस गुरुवारी येत होता. त्याच्याकडे त्या रकमेपैकी निम्मेच पैसे होते. मी म्हणालो, ‘निम्मे आहेत एवढंच सांग त्यांना, पण आत्ता सांग.’ त्याने तिथूनच सूतवाल्यांना फोन लावला.